डॅशबोर्डची भेग: भरायची, झाकायची की कातडी बदलायची?

जुन्या गाडीचा फोमचा डॅशबोर्ड तडकला की पहिला प्रश्न असतो, "यात काय भरू?" वाचकांची या वेळची बहुतेक पत्रं तीच विचारणारी आहेत. भरण्याआधी खालचा फोम आणि वरची कातडी तपासणं महत्त्वाचं, म्हणून पहिल्या उत्तराला जास्त जागा दिली आहे. पुढच्या उत्तरांतही त्याचा संदर्भ येईल.

प्रश्न : माझ्याकडे मर्सिडीजची डब्ल्यू १२३ मालिकेतली डिझेल गाडी आहे. डॅशबोर्डवर काचेजवळच्या हवेच्या झरोक्यापासून मधोमध सुमारे ३५ सेंटीमीटरची भेग गेली आहे, कडा वर वळल्या आहेत आणि आतून पिवळा भुगा पडतो. दोन वर्षांपूर्वी गॅरेजमध्ये पुट्टी भरून रंग मारून घेतला होता, पण एका उन्हाळ्यात पुट्टीच्या दोन्ही बाजूंनी नव्या भेगा आल्या. कायमची दुरुस्ती होऊ शकते का? (पुणे)

होऊ शकते, पण आधी गेल्या वेळी काय चुकलं ते समजून घ्या. तुमच्या डॅशबोर्डमध्ये तीन थर आहेत: तळाशी सांगाडा, त्यावर पॉलियुरेथेनचा फोम आणि त्यावर दाणेदार व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल मऊ राहतं ते त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. उन्हात बंद उभ्या गाडीत डॅशबोर्डचा पृष्ठभाग सहज ७० अंशांच्या पुढे जातो आणि प्लास्टिसायझर हळूहळू उडून जातो. कातडी कडक होते, आकसते आणि ताणली जाते. खालचा फोमही उष्णतेने आणि हवेने ठिसूळ झालेला असतो, त्याला ती धरून ठेवता येत नाही. मग झरोक्याच्या कोपऱ्याशी किंवा स्पीकरच्या जाळीच्या कडेला ती फाटते. पत्र्याची पुट्टी दगडासारखी कडक असते. उन्हात कातडी हलते, पुट्टी हलत नाही, आणि दोघींच्या सांध्यावर फट पडते. तुमच्या नव्या भेगा नेमक्या तिथेच आल्या आहेत.

म्हणून आधी दोन तपासण्या करा. भेगेपासून १० सेंटीमीटर दूर नखाने दाबा. खळगा पडून तो भरून आला तर कातडीत अजून जीव आहे. नख नुसतं घसरलं, किंवा दाबल्यावर बारीक कट्ट आवाज आला, तर भेग भरण्यात पैसे घालवू नका, सरळ कातडी बदला किंवा चांगला डॅशबोर्ड शोधा. दुसरी तपासणी बोटांच्या टोकांनी टकटक करून. आवाज पोकळ आला तिथे फोम कातडीपासून सुटलेला आहे. त्या भागाभोवती खडूने रेघ मारून ठेवा. लांब भेगा साधारण तीनपेक्षा जास्त असतील किंवा पोकळ भाग हाताच्या पंजापेक्षा मोठा असेल, तर भरण्याचं काम टिकत नाही.

तुमची एकच भेग आहे. कातडी नखाच्या परीक्षेत उतरली तर पुढचं काम करा. डॅशबोर्ड गाडीतून काढूनच करा. काचेखाली वाकून केलेलं काम काचेकडच्या कडेला हमखास कच्चं राहतं.

काढताना बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा. प्रत्येक जोडणीचा फोटो घ्या आणि वायरींवर मास्किंग टेपच्या चिठ्ठ्या लावा. या गाडीचा मीटरचा संच रबरी कड्याच्या पकडीवर बसलेला असतो. तो पुढे ओढताना घाई नको, कारण ऑइल प्रेशरच्या काट्याला इंजिनकडून तेलाची बारीक प्लास्टिकची नळी येते. जुनी नळी ताठ झालेली असते, ओढाताणीत तुटते. ती इंजिन बंद असतानाच सोडा, खाली फडकं धरा आणि टोकाला टोपी लावा. परत जोडल्यावर मीटर आत ढकलण्याआधी इंजिन चालू करून सांधा गळत नाही ना ते बघा. हवेचे झडपे चालवणारे व्हॅक्यूमचे डबे डॅशबोर्डच्या मागेच असतात. त्यांचे पडदे फाटलेले असतील तर आत्ताच बदला, नाहीतर तेवढ्यासाठी पुन्हा सगळं उघडावं लागेल. थंडीच्या सकाळी हे काम करू नका. जुन्या प्लास्टिकचे झरोके आणि क्लिपा गारठ्यात पटकन तुटतात.

डॅशबोर्ड टेबलावर आला की भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दर वेळी नवं फडकं घेऊन तीनदा पुसा. वर्षानुवर्षं लावलेल्या चकाकीच्या स्प्रेमधलं सिलिकॉन राहिलं तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात आणि फिलरही धरत नाही.

आता कापाकापी. वर वळलेल्या कडा दाबून चिकटवायचा मोह होतो, पण त्या पुन्हा उठतात. धारदार ब्लेडने दोन्ही बाजूंनी ५ ते ६ मिलिमीटर कातडी उतरती कापून टाका. भेगेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं गोल भोक पाडा, म्हणजे ती पुढे पळत नाही. आधीची पुट्टी पूर्ण काढा. मग भुगा झालेला फोम चमच्याने खरवडत जा, जोवर बोटाने दाबल्यावर परत वर येणारा फोम लागत नाही तोवर. सांगाड्याच्या पत्र्यावर गंज दिसला तर तो घासून इपॉक्सी प्रायमर लावा. गंज असेल तर पुढच्या काचेचं रबर गळतंय का हेही तपासा. मुंबई-कोकणात पावसाचं पाणी खालून फोममध्ये मुरतं आणि वरची दुरुस्ती कितीही चांगली केली तरी फुगते.

पोकळी भरायला दोन भागांचा लवचीक किंवा अर्धलवचीक पॉलियुरेथेन फोम घ्या. हिशोब असा करा: ३५ सेंटीमीटर लांब, २ रुंद आणि दीड खोल म्हणजे १०५ घनसेंटीमीटर. फोमची घनता दर घनमीटरला ६० किलो असेल तर लागणारा माल १०५ गुणिले ०.०६, म्हणजे ६.३ ग्रॅम. इतका थोडा माल कपात नीट मिसळत नाही, बराचसा कपालाच चिकटतो. म्हणून २० ते २५ ग्रॅम मिसळा आणि लागेल तेवढाच ओता. दोन्ही भाग ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर, डब्यावरच्या प्रमाणात मोजा. अंदाजाने ओतलं तर एक भाग जास्त झाल्यावर फोम चुरचुरीत होतो, दुसरा जास्त झाल्यावर चिकट राहतो. एकदम न भरता दोन वेळा ओता. पहिला थर फुगून घट्ट झाला की दुसरा. वर आलेला फुगवटा तासाभराने लांब ब्लेडने कापा, तोही कातडीच्या पातळीपेक्षा २ ते ३ मिलिमीटर खाली. फिलरला बसायला ती जागा लागते.

यानंतरची पायरी बहुतेक ठिकाणी गाळतात, आणि टिकाऊपणा तिच्यावरच अवलंबून आहे. दोन्ही बाजूंची कातडी फोमपासून १५ मिलिमीटर हलकेच सुटी करा आणि खालून ४० मिलिमीटर रुंद, ताणली न जाणारी पातळ कापडी पट्टी सरकवा. लवचीक चिकटद्रव्याने ती दोन्ही कातड्यांना आतून चिकटवा, वर पॉलिथिन ठेवून वजन द्या, २४ तास तसंच राहू द्या. आता कातडीचा ताण पट्टी पेलते, फिलरवर येत नाही.

वर बंपरसाठी मिळणारं दोन भागांचं लवचीक फिलर भरा. कातडीच्या दाण्यावर आजूबाजूला मास्किंग टेप लावा. पूर्ण घट्ट झाल्यावर १२०, मग १८०, मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने लाकडी ठोकळ्यावर घासा. नुसत्या बोटांनी घासलं की मधे खळगा पडतो. मग रंग न लावता डॅशबोर्ड दोन दिवस कडक उन्हात ठेवा. सांधा दिसायला लागला तर तो आत्ताच दिसेल, आणि आत्ता दुरुस्त करणं सोपं आहे.

दाणा जुळवायचा असेल तर त्याच डॅशबोर्डच्या झाकल्या जाणाऱ्या भागावर आरटीव्ही, म्हणजे खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या, सिलिकॉनचा ३ मिलिमीटर थर पसरा आणि दुसऱ्या दिवशी सोलून काढा. हा ठसा फिलरच्या शेवटच्या पातळ थरावर, तो अर्धवट घट्ट झाल्यावर दाबा. नंतर अल्कोहोलने पुन्हा पुसणं आलंच, कारण सिलिकॉन इथेही लागलेलं असतं.

रंग व्हिनाइलसाठीचाच आणि मॅट. २० ते २५ सेंटीमीटरवरून चार पातळ हात, दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटं. जाड हाताने दाणा भरून जातो. फक्त भेगेवर न मारता पूर्ण डॅशबोर्डला रंग द्या. जुन्या उडालेल्या काळ्याशी नवा काळा कधीच जुळत नाही. पावसाळ्याच्या दमट दिवसात फवारलेला रंग पांढुरका पडतो, म्हणून कोरडा दिवस बघा. फोम आणि दोन भागांचा रंग या दोन्हींत आयसोसायनेट असतं. हातमोजे, सेंद्रिय वाफांचा कार्ट्रिज असलेला मास्क आणि उघडी जागा हवी. दमा असलेल्याने हे काम करू नये.

प्रश्न : खिडकीच्या फटी भरायचा डब्यातला स्प्रे फोम भेगेत मारला तर काय बिघडतं? स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो. (सोलापूर)

तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बंद पोकळीच्या आत ओलावा पोहोचायला वेळ लागतो, त्यामुळे बाहेरून सुकलेला दिसला तरी आत तो तासन्‌तास फुगत राहतो. कातडी वर उचलली जाते आणि भेगेशेजारी उंचवटा तयार होतो. घट्ट झाल्यावर तो कडक असतो आणि पुढे थोडा आकसतोही. उंचवटा आला की दाबून बसत नाही, कातडी कापून सगळं खरवडावं लागतं. मारून झाला असेल तर आठवडाभर थांबा, पूर्ण घट्ट होऊ द्या, मगच काढा. ओला असताना तो पसरतो आणि दाण्यावर लागला तर निघत नाही.

प्रश्न : माझी कॉन्टेसा १९८९ची आहे. डॅशबोर्डला सहा-सात भेगा आहेत. कुशनवाला म्हणतो, वरून रेक्झिन चढवून देतो. चालेल का? कोणतं रेक्झिन घ्यावं? (नाशिक)

सहा-सात भेगा म्हणजे कातडी संपली आहे. रेक्झिन चढवणं हाच योग्य मार्ग, फक्त कुशनवाल्याशी चार गोष्टी आधी बोलून घ्या.

कापड. सोफ्याचं स्वस्त पॉलियुरेथेनचं लेदरेट घेऊ नका. दमट हवेत ते दोन-तीन वर्षांत पापुद्र्यांनी सुटतं आणि डॅशबोर्डवरची उष्णता ते काम आणखी लवकर करते. गाडीसाठीचं व्हिनाइल घ्या, जाडी १ मिलिमीटरच्या आसपास, आणि मागचं अस्तर होजिअरीसारखं विणलेलं, चारी बाजूंनी ताणलं जाणारं. मागे साधं आडवं-उभं सुती कापड असेल तर ते मीटरच्या गोलाईवर बसत नाही, चुण्या पडतात. खरं चामडंही इथे नको. काचेखालच्या उष्णतेत ते आकसतं आणि काचेकडच्या कडेने सुटून येतं.

माप. रेक्झिनचा पन्हा बहुधा ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटीमीटर असतो. मोठ्या गाडीचा डॅशबोर्ड आणि दोन्ही बाजूंची मुडप मिळून तो अपुरा पडतो. म्हणून डॅशबोर्डची लांबी कापडाच्या लांबीत धरा, पन्ह्यात नव्हे. २ मीटर घ्या. उरलेल्या तुकड्यावर चिकटद्रव्याची चाचणी करता येते.

तयारी. भेगा भरल्याशिवाय वरून कापड चढवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या वळाच्या रूपात वर दिसतात. कडा कापणं आणि फोम भरणं पहिल्या उत्तरासारखंच, पण दाणा आणि रंग लागत नाही. जुनी कातडी घट्ट बसलेली असेल तर सोलू नका, तिच्याबरोबर फोमचे लचके निघतात. ८० नंबरच्या पेपरने दाणा घासून सपाट करा. झरोक्यांची आणि मीटरची भोकं चहूबाजूंनी १ मिलिमीटर मोठी करून घ्या, नाहीतर कापडाच्या जाडीमुळे झरोके परत बसणार नाहीत आणि ठोकून बसवताना त्यांचे कान तुटतील.

चिकटवणं. साध्या सोल्यूशनला डॅशबोर्डवर ऊन झेपत नाही. छताच्या अस्तरासाठी वापरतात ते उष्णता सहन करणारं घ्या. दोन्ही पृष्ठभागांना लावा आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, १० ते १५ मिनिटं, थांबा. ओलं असताना चिकटवलं तर आत कोंडलेल्या थिनरचे उन्हात फुगे येतात. सुरुवात खोलगट भागापासून करा. कापड आधी खळग्यात दाबून बसवायचं आणि मग बाहेर ओढत न्यायचं. खळग्यावरून ताणून नेलेलं कापड एप्रिल-मे महिन्यात तंबूसारखं उठतं, आणि वरून चढवलेल्या रेक्झिनची सर्वांत जास्त तक्रार हीच असते. मीटरच्या छताला आतली आणि बाहेरची अशा दोन गोलाया एकदम असतील तर एकसंध कापडाचा हट्ट सोडा आणि तिथे शिवण घ्या. सरळ, नेटकी शिवण चुणीपेक्षा कितीतरी चांगली दिसते. काचेकडच्या बाजूला २५ ते ३० मिलिमीटर मुडप खाली न्या, कारण तिथूनच सगळं सुटायला लागतं.

रंग गडद आणि मॅट घ्या. फिकट किंवा चकचकीत रेक्झिनचं प्रतिबिंब दुपारी समोरच्या काचेत पडतं आणि रस्ता नीट दिसत नाही.

प्रश्न : डॅशबोर्ड मऊ राहावा म्हणून खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली लावावी का? (सांगली)

नको. उडून गेलेला प्लास्टिसायझर तेलाने परत येत नाही. तेल वर राहतं, धूळ धरतं, चिकट होतं, आणि पुढे कधी भेग भरायची वेळ आली तर फिलर आणि रंग दोन्ही धरू देत नाही. ओल्या फडक्याने पुसा आणि पाण्यावर आधारलेलं, अतिनील किरणांपासून बचाव करणारं मॅट द्रव्य लावा. त्यापेक्षाही उपयोगी म्हणजे गाडी उभी करताना काचेच्या आत चंदेरी पडदा. त्याला खर्च कमी आणि लाभ सर्वांत जास्त.

प्रश्न : मी अमेरिकेत ॲरिझोनात राहतो. माझ्या जुन्या मर्सिडीज २४० डीसाठी इथे डॅशबोर्डवर बसवायचं तयार प्लास्टिकचं कवच मिळतं. ते लावावं की डॅशबोर्ड काढून दुरुस्त करावा? (फिनिक्स)

रोजच्या वापरातली गाडी असेल तर कवच लावा. तुमच्याकडच्या उन्हात जुनी कातडी भरून फार काळ टिकणं अवघड आहे. गाडी मूळ रूपात जपायची असेल तर मात्र कवच नको. एकदा चिकटवलं की ते काढताना खालची कातडी हमखास फाटते, आणि खालच्या फोमचा भुगा होणंही त्याने थांबत नाही.

लावायचं ठरलं तर आधी कोरडं बसवून बघा. वर वळलेल्या भेगांच्या कडा कापून टाका, नाहीतर कवच तिथे टेकून हलतं आणि खडखडतं. फोमचे खड्डे भरून घ्या. काच साफ करणाऱ्या हवेचे झरोके आणि स्पीकरच्या जाळ्या कवचातल्या भोकांशी अचूक जुळल्या पाहिजेत. २ मिलिमीटरची चूकही हवेची वाट अडवते. चिकटवायला न्यूट्रल प्रकारचं सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं आणि जवळच्या धातूला गंजवतं. कडेपासून आत साधारण २ सेंटीमीटरवर सलग रेघ आणि मधल्या भागात नागमोडी रेघा ओढा, वाळूच्या छोट्या पिशव्या ठेवा आणि गाडी २४ तास सावलीत राहू द्या. पहिल्या दिवशी उन्हात लावली तर कवच प्रसरण पावलेल्या स्थितीत चिकटतं आणि रात्री गार होताना कडा उचलतात.

प्रश्न : समोरच्या काचेवर आतून सारखा तेलकट, धुरकट थर येतो. पुसला तरी पंधरा दिवसांत परत. याचा डॅशबोर्डशी संबंध आहे का? (ठाणे)

आहे. डॅशबोर्डमधून निघणारा प्लास्टिसायझर काचेवर जाऊन बसतो. काचेवर दिसतोय तेवढा डॅशबोर्डमधून कमी झाला, असं समजा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समभाग घेऊन मायक्रोफायबरच्या एका फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्याने. एकाच फडक्याने पुसलं तर थर निघत नाही, नुसता पसरतो. डॅशबोर्डवर चकाकीचा स्प्रे मारत असाल तर बंद करा, त्यातलंही काचेवर जातं. चंदेरी पडदा तुम्हालाही लागू.

प्रश्न : मारुती ८००चा डॅशबोर्ड स्क्रूच्या जागी तडकला आहे. त्यालाही हीच पद्धत? (लातूर)

नाही. तो टणक प्लास्टिकचा आहे, फोम नाही. मागच्या बाजूला प्लास्टिकच्या प्रकाराची खूण कोरलेली असते, ती बघा. एबीएस असेल तर त्याच जातीच्या भंगार तुकड्यांचा ॲसिटोनमध्ये केलेला घट्ट लगदा मागून लावा. तो मूळ प्लास्टिक विरघळवून एकजीव होतो. पीपी असेल तर ॲसिटोनचा काही परिणाम होत नाही. मागून सोल्डरिंगच्या तापल्या टोकाने बारीक स्टीलची जाळी आत रुतवा आणि वरून पीपीची काडी वितळवून भरा. झटपट चिकटणारा गोंद दोन्हींत ठिसूळ पडतो आणि खड्ड्यात एक आदळ बसला की सुटतो. स्क्रूखाली रुंद वायसर घाला आणि फार आवळू नका. तडा बहुतेक वेळा आवळण्यानेच येतो.

प्रश्न : माझी गाडी २००६ची आहे, डाव्या बाजूला डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आहे. तिच्या झाकणाजवळ भेग आली आहे. फिलर भरून रंग मारून घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

अजिबात नको. अशा डॅशबोर्डची कातडी एअरबॅग फुटताना ठरलेल्या रेषेवरच फाटावी म्हणून मागून पातळ केलेली असते. ती रेषा वरून दिसतही नाही. तिथे फिलर, पट्टी किंवा रेक्झिन आलं तर पिशवी उशिरा किंवा भलत्या दिशेने उघडते, आणि घट्ट झालेल्या फिलरचे तुकडे शेजारी बसलेल्याच्या तोंडावर उडतात. वरून कवच चढवणं किंवा जाड कव्हर घालणंही तितकंच धोक्याचं. भेग झाकणाजवळ आहे म्हणजे डॅशबोर्ड बदलायचा, दुसरा उपाय नाही. तो काढण्याआधी बॅटरी सोडा, गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, आणि एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना मल्टिमीटरची टोकं लावू नका. हे काम एअरबॅगचं प्रशिक्षण असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या, आणि भंगारातून आणलेल्या डॅशबोर्डमध्ये एअरबॅग आधी फुटलेली नाही ना, हे त्याच्याकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.